‘नादी’च्या नादी लागण्याआधी: इंडोनेशिया-मलेशियात नवीन आलेल्यांसाठी

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं का लिहितेय ते कळेल. जकार्तात येऊन दीडेक महिना झाला होता, सलवारीची नाडी आत ओढली गेली आणि हरवली, म्हणून खालच्या बाजारात शिलाईचं सामान विकणाऱ्या बाईंकडे गेले. तोवर मला कुणीतरी सांगितलेलं की इथल्या भाषेत संस्कृत शब्द ढिगाने आहेत, आणि ‘आहे का’ला ‘आदा’ म्हणतात एवढं मला येत होतं. मग काय, आत्मविश्वासाने विचारलं, ‘आदा नादी, बू?’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःचं मनगट धरून बघितलं आणि हसत हसत म्हणाल्या, ‘मासिह आदा!’ म्हणजे ‘अजून आहे!’ मी त्यांना नाडी चालू आहे का असं विचारलं होतं. पायजम्याची नाही, हाताची.

तर हा लेख त्या एका शब्दावर आहे. नवीन आलेल्या मराठी माणसाला इथे एक विचित्र त्रास होतो, की अनोळखी शब्द तो पाठ करतो पण ओळखीचा दिसला की गाफील राहतो, आणि नेमका तिथेच आपटतो. खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने (आणि ज्या चुका करत) शिकले त्याच क्रमाने देतेय, तुम्ही क्लिनिकवाली पायरी आधी वाचलीत तरी चालेल, खरी गरज तिथेच पडते.

पहिली पायरी: शब्द आपलाच, पण पूर्ण आपला नाही

रोमन लिपीत एन-ए-डी-आय असं लिहितात. मलय आणि इंडोनेशियन दोन्हीकडे तेच स्पेलिंग, तोच अर्थ. मूळ संस्कृत नाडी. आपल्याकडे या शब्दाने केवढा संसार मांडलाय बघा: वैद्यबुवांची नाडी, परकराची नाडी, पत्रिका जुळवताना आठ गुणांची नाडी, नाडीज्योतिष. तिकडे यातलं फक्त शरीरातलं गेलं. मनगटावर लागणारा ठोका, आणि ज्या रक्तवाहिनीतून तो ठोका जातो ती, बस. पत्रिकेची नाडी तिकडच्या कुणाला सांगून कळणार नाही आणि पायजम्याच्या नाडीला म्हणतात ‘ताली कोलोर’. ताली म्हणजे दोरी.

हे पाठ करून ठेवा कारण उलटी चूक फार वाईट आहे. पुतुस म्हणजे तुटणं. ‘नादी साया पुतुस’ असं म्हणालात तर समोरच्याला ऐकू येतं की माझी धमनी कापली गेलीय, आणि तो अँब्युलन्सला फोन लावेल.

दुसरा गोंधळ वाचताना होतो. रोमनमध्ये आपली नदीसुद्धा तशीच लिहितात ना, त्यामुळे बोर्डावर किंवा बातमीत हा शब्द दिसला की पहिल्यांदा ‘नदी’च वाचलं जातं. नदीला इथे सुंगाई म्हणतात. आणि फिजीमध्ये याच स्पेलिंगचं एक गाव आहे, विमानतळ असलेलं, त्याचा उच्चार नांदी, त्याचा आपल्या शब्दाशी काहीही संबंध नाही, तिकीट बुक करताना मात्र बघून करा.

संस्कृत तिकडे गेलं कसं हे दोन ओळीत सांगते, कारण विचारणारे विचारतातच. सुमात्राच्या पालेम्बांगजवळ केदुकान बुकित नावाचा शिलालेख सापडलाय, सन 682 चा, जुन्या मलय भाषेतला, लिपी पल्लव, आणि शब्दांत संस्कृतची भरपूर पेरणी. श्रीविजय साम्राज्याचा काळ. त्याच्या दहाएक वर्षं आधी, 671 मध्ये, ईत्सिंग नावाचा चिनी भिक्खू भारतात जायच्या वाटेवर तिथे संस्कृत व्याकरण शिकायला थांबला होता, म्हणजे क्लासच होता म्हणा ना. शरीराचेच शब्द घ्या: कपालवरून कपाला म्हणजे डोकं, मुखवरून मुका म्हणजे चेहरा, संधीवरून सन्दी म्हणजे सांधा, बाहूवरून बाहू पण अर्थ खांदा. दंड नाही, खांदा. बघा, परत तेच, शब्द ओळखीचा आणि जागा चार बोटं सरकलेली.

दुसरी पायरी: उच्चार

पटकन उरकते. त्यांचा ‘डी’ आपल्या ड इतका जीभ वळवून नाही आणि आपल्या द इतका दातावरही नाही, मधेच कुठेतरी आहे. आपल्या कानाला तो द च्या जवळचा वाटतो म्हणून मी नादी लिहितेय. तुम्ही ‘नाडी’ म्हणालात तरी कळतं, फक्त भारतातून आलात हेही कळतं.

दुसरं म्हणजे रोमन ‘ई’ बघून प्रत्येक वेळी ए म्हणू नका. बऱ्याच शब्दांत तो आपल्या ‘अ’सारखा असतो. पुढे येणारा दन्युत हा शब्द लिहिताना डी-ई असा सुरू होतो पण म्हणायचा ‘दन्युत’. आपल्या लोकांनी ‘डेन्युट’ केलं की नर्सचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तिसरी पायरी: एकटा शब्द नको, जोड्या शिका

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण डिक्शनरीत ‘नादी’ पाहून गेलात आणि नुसतं ‘नादी, नादी’ करत बसलात तर काम होत नाही. रोजच्या बोलण्यात तो बहुतेक कुणाचा तरी हात धरून येतो.

दन्युत नादी: नाडीचा ठोका. दन्युत म्हणजे ठणका, ठोका, आपण ‘ठुसठुसतंय’ म्हणतो त्यातलं. डोकं ठणकत असेल तर बरदन्युत, आणि जकार्तात बोलताना लोक सरळ ‘न्युत-न्युतान’ म्हणतात, म्हणजे आवाजच काढतात. मलेशियात बऱ्याचदा दन्युतान नादी असं शेपूट लावून ऐकाल, अर्थ तोच.

उरात नादी: धमनी. उरात म्हणजे शीर, नस. मला हा शब्द फार आवडतो, कारण मराठी कानाला ‘उरात नाडी’ असं ऐकू येतं आणि ते काही अगदीच चूक नाही. याच उरातवरून एक झकास वाक्प्रचार आहे, ‘उरात मालूञा सुदाह पुतुस’, त्याची लाजेची शीर तुटलीय, म्हणजे आपण ज्याला कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं म्हणतो तो माणूस. माझ्या शेजारच्या इबू, म्हणजे बाई, बू म्हणते मी त्यांना, टीव्हीवर एखादा पुढारी बोलायला लागला की हे वाक्य म्हणतातच.

पम्बुलुह नादी: हीसुद्धा धमनीच पण शाळेच्या पुस्तकातली, इंडोनेशियात. तिच्या समोर पम्बुलुह बालिक, म्हणजे रक्त परत आणणारी, शीर. बालिक म्हणजे परत. डॉक्टर लोक आपापसात आर्तरी आणि वेना म्हणतात.

आणि माझी सगळ्यात लाडकी जोडी, परिक्सा नादी. परिक्सा हा शब्द परीक्षावरून आलाय, अर्थ तपासणं. म्हणजे जकार्तातली नर्स ‘साया परिक्सा नादीञा दुलु या’ म्हणते तेव्हा ती अक्षरशः नाडीपरीक्षा करते, फक्त तिला वात-पित्त-कफाचं काही घेणंदेणं नसतं, ती घड्याळ बघत असते. (शेवटचं ‘ञा’ म्हणजे ‘तुमची, त्याची, ती’ असं सगळ्याला चालणारं शेपूट, आणि हा उच्चार न्य सारखा.)

चौथी पायरी: क्लिनिकमध्ये

इथे जरा थांबते कारण दुसऱ्या वर्षी मला डेंग्यू झाला आणि हे सगळं ज्ञान मला तापात मिळालं. डेंग्यूला इंडोनेशियात दमाम बरदाराह म्हणतात, शब्दशः रक्ताचा ताप, ऐकूनच निम्मा जीव जातो, मलेशियात त्यालाच दमाम दंगी. डेंग्यूत ताप उतरायला लागला की लोकांना वाटतं सुटलो, पण नेमकं त्याच वेळी काहींचं बीपी पडतं, म्हणून नर्स दर थोड्या वेळाने येऊन मनगट धरते. मी पडल्या पडल्या ऐकत होते, ‘नादीञा आगाक चपात’. आगाक म्हणजे जरा, चपात म्हणजे फास्ट. आपण चपातीवरून लक्षात ठेवायचं. त्यासोबत लमाह हा शब्द आला, म्हणजे अशक्त, तर कान टवकारा, कारण चपात आणि लमाह दोन्ही एकत्र म्हणजे नाडी फास्ट पण क्षीण लागतेय आणि डॉक्टरला लगेच बोलवायला हवं. तरातुर म्हणजे नियमित, हा चांगला शब्द. ‘तीदाक तरातुर’ म्हणजे ठोके चुकतायत. ‘तीदाक तराबा’ म्हणजे नाडी लागत नाहीये, हा तुम्हाला कधी ऐकायला न मिळो.

चार्टवरची अक्षरं ओळखायला शिका, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंडोनेशियात कागदावर ‘टी डी’ म्हणजे तकानान दाराह, रक्तदाब. ‘एन’ म्हणजे आपली नादी, समोर 88 आणि गुणिले मिनिट असं काहीतरी. ‘एस’ म्हणजे सुहू, तापमान. मी दोन दिवस ‘एन’ म्हणजे नॉर्मल समजून खूश होते. मलेशियातल्या खाजगी दवाखान्यात बहुतेक इंग्रजीच अक्षरं असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता दोन देशांतला फरक, कारण अनेक मराठी मंडळी क्वालालंपूरला काही वर्षं काढून मग जकार्ताला बदलून येतात (किंवा उलट) आणि समजतात भाषा एकच. नादी एकच आहे हो, तिच्या आजूबाजूचे शब्द फिरतात:

- चक्कर येतेय हे इंडोनेशियात ‘पुसिंग’. मलेशियात पुसिंग म्हणजे वळणं, टॅक्सीवाल्याला यू-टर्न मारायला सांगताना वापरतात. तिथे चक्करला ‘पनिंग’ म्हणा.
- डॉक्टर म्हणजे इंडोनेशियात ‘दोक्तर’, मलेशियात ‘दोक्तोर’. इंडोनेशियात दोक्तोर म्हणजे पीएचडी झालेला, तो तुमची नाडी बघणार नाही.
- मलेशियात इमर्जन्सी म्हणजे ‘कचमासान’, हॉस्पिटलच्या लाल बोर्डावर मोठ्या अक्षरात असतं. इंडोनेशियात याच शब्दाचा अर्थ चिंता, घालमेल. तिथे बोर्ड शोधायचा तो ‘आय जी डी’ या तीन अक्षरांचा, जुने लोक ‘यू जी डी’ म्हणतात.
- ‘परचुमा’ मलेशियात म्हणजे फुकट, मोफत. इंडोनेशियात म्हणजे फुकट गेलं, वाया गेलं. बीपी-नाडी तपासणी परचुमा असा बोर्ड मलेशियात दिसला तर खुशाल आत जा.

फोन नंबर: मलेशियात 999. इंडोनेशियात मेडिकलसाठी 119, आणि बऱ्याच शहरांत 112 चालतो.

हाक कशी मारायची हेही लागतंच. इंडोनेशियात नर्सला ‘सुस्तर’ किंवा नुसतं ‘सुस’, डच शब्दावरून आलेलं, पुरुष नर्स असेल तर ‘मास’. डॉक्टरांना ‘दोक’. वयस्कर बाईंना बू, बाप्यांना पाक. मलेशियात ‘काक’ म्हणजे ताई, ‘आबांग’ म्हणजे दादा, थोडं अदबीने असेल तर पुआन आणि एन्चिक. नावाआधी काही न लावता बोलणं उद्धट वाटतं, आपल्या गावाकडे काकूंना नुसतं नावाने हाक मारल्यासारखं.

हृदयाबद्दल बोलताना मात्र दोनदा विचार करा. अवयव म्हणजे जान्तुंग. मनातलं हृदय म्हणजे हाती, जो खरं तर यकृताला शब्द आहे. त्यामुळे ‘साकित जान्तुंग’ म्हणजे हृदयविकार, आणि ‘साकित हाती’ म्हणजे मन दुखावलंय, राग आलाय. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी रिसेप्शनवर छातीवर हात ठेवून ‘साकित हाती’ म्हटलं, त्या मुलीने बिचारीने त्यांना पाणी दिलं आणि बसायला सांगितलं, कुणीतरी टाकून बोललं असेल असं वाटून. छातीत धडधडतंय असं सांगायचं असेल तर ‘जान्तुंग साया बरदबार’. नुसती परीक्षेची, इंटरव्ह्यूची धडधड असेल तर जकार्तात ‘देग-देगान’ म्हणतात, हा डॉक्टरांना सांगायचा शब्द नाही, मैत्रिणीला सांगायचा. जाता जाता, बाजारात ‘जान्तुंग पिसांग’ दिसलं तर घाबरू नका, केळीचं हृदय म्हणजे आपलं केळफूल, भाजी सुंदर होते.

पाचवी पायरी: स्वतः मोजून आकडा सांगणं

फोनवर डॉक्टर विचारतात, ‘दन्युत नादीञा बरापा?’ बरापा म्हणजे किती. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याखाली मनगटावर ठेवा, स्वतःच्या अंगठ्याने मोजू नका, त्यालाही ठोका असतो आणि गल्लत होते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा, ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजा. मोठ्या माणसाला स्वस्थ बसलेलं असताना 60 ते 100 हे साधारण ठीक. उत्तर असं द्यायचं: ‘तुजुह पुलुह दुआ काली पर मनित’, बहात्तर वेळा मिनिटाला. आठला इंडोनेशियात दलापान आणि मलेशियात लापान, एवढाच आकड्यांतला फरक आठवतोय लागलेला. जिममधला ट्रेनर जास्तीत जास्त ठोक्यांसाठी 220 वजा उसिया असा हिशेब सांगेल. उसिया म्हणजे वय, आपलं आयुष्य. आणि रक्त तपासायच्या आधी ‘पुआसा’ सांगितला तर तो आपला उपवासच, फक्त साबुदाण्याची खिचडी चालत नाही.

सहावी पायरी: पेपरमधली नाडी

थोडं वाचायला लागलात की हा शब्द दवाखान्याबाहेरच जास्त दिसतो. ‘उरात नादी परएकोनोमियान’, अर्थव्यवस्थेची धमनी, हे तर इतकं घासून गुळगुळीत झालंय की एखाद्या जिल्ह्याचा पूल खचला तरी बातमीत हेच येतं. पण काही ठिकाणी ते खरोखर शोभतं. जावाच्या उत्तर किनाऱ्याचा रस्ता, पान्तुरा म्हणतात त्याला, त्याला उरात नादी म्हणतात ते बरोबरच आहे, कारण 1808 मध्ये डच गव्हर्नर जनरल दांडेल्सने आन्यर ते पानारुकान असा सुमारे हजार किलोमीटरचा टपालरस्ता करून घेतला, वेठबिगारीने, माणसं मेली त्यात, आणि पुढे जावाची सगळी ये-जा त्या रेषेवर आली. कालिमान्तानमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, तर रस्त्यापेक्षा नदीच धमनी. कापुआस 1143 किलोमीटर लांब, इंडोनेशियातली सगळ्यात लांब, आतल्या गावांचं सामान-सुमान वर्षानुवर्षं तिच्यावरूनच गेलं. म्हणजे तिथे नादी ही नदीच आहे, आपल्या पहिल्या चुकीला इथे माफी.

मलेशियात ‘दन्युत नादी राक्यात’ हा शब्दप्रयोग पुढाऱ्यांच्या तोंडी सतत असतो. राक्यात म्हणजे जनता. जनतेची नाडी ओळखणं, अगदी आपल्यासारखं, निवडणुकीच्या आधी जास्त. पण आपलं ‘आर्थिक नाड्या आवळल्या’ हे तसंच्या तसं तिकडे नेऊ नका, मी एकदा प्रयत्न केला, इबूंना वाटलं कुणी गळा दाबला. तसंच मलेशियात गावोगावच्या सरकारी इंटरनेट केंद्रांना ‘नादी’ हेच नाव आहे, बाहेर पाटी बघून बीपी तपासायला आत शिरू नका, तिथे प्रिंटआउट मिळतील.

डिक्शनरी वापरायचीच असेल तर मलेशियासाठी कामुस देवान आणि इंडोनेशियासाठी केबीबीआय, ऑनलाइन फुकट बघता येते. फक्त इंग्रजीतून उलटं शोधायला जाऊ नका. इंग्रजी ‘पल्स’ टाकलात तर नाडीबरोबर डाळी-कडधान्यंपण अंगावर येतात, कारण इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. डाळींच्या घराण्याला इथे काचांग म्हणतात, मूग म्हणजे काचांग हिजाउ, मलेशियात ‘दाल’ म्हटलं तरी वाणी समजतो. एका वहिनींनी मोबाइलवर भाषांतर करून दुकानात एक किलो नादी मागितली होती. एक किलो.

सातवी पायरी: पुल्सा, जी नाडी नाही

शेवटचा सापळा फक्त इंडोनेशियात. जागोजागी छोट्या टपऱ्यांवर ‘पुल्सा’ लिहिलेलं दिसेल. इंग्रजी येणाऱ्याला वाटतं नाडी तपासतात वाटतं. पुल्सा म्हणजे मोबाइलचा बॅलन्स, रिचार्ज. शब्द डचमधून आला, जुन्या टेलिफोनच्या मीटरचे ठोके मोजून बिल व्हायचं त्यातून. ‘इसी पुल्सा’ म्हणजे रिचार्ज मारा, नंबर सांगायचा, पैसे द्यायचे. त्याच टपरीवर विजेच्या मीटरचं तोकनसुद्धा मिळतं, प्रीपेड मीटर असेल तर रात्री लाइट जायच्या आत घेऊन ठेवा. मलेशियात पुल्सा मागू नका, तिथे ‘टॉप अप’ म्हणायचं.

आणि कधी अनोळखी नंबरवरून ‘मामा मिन्ता पुल्सा’ असा मेसेज आला तर पैसे पाठवू नका. ही इथली जुनी आणि गाजलेली फसवाफसवी आहे, इतकी की आता लोक विनोदात वापरतात. मिन्ता म्हणजे मागतेय. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा साताऱ्याच्या मामांनी इंडोनेशियन सिमकार्ड कधी घेतलं याचाच विचार करत बसले होते, मामा म्हणजे इथे आई.